इंग्लंडमध्ये चार्ज न लावता पोलीस बेल वाढतच राहते, तेव्हा काय करायचं?

मंडळ_मदतनीस

मंडळाच्या मदत-ग्रुपवर आलेला प्रश्न इथे मांडतेय. असे प्रश्न वरचेवर येतात आणि मिळणारी उत्तरं बहुतेक ऐकीव असतात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सत्तावीसचा, इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर. ऑफिसातल्या पैशांच्या व्यवहारावरून फसवणुकीच्या संशयाखाली १४ जानेवारीला अटक झाली. चौदा तास कस्टडी, एक जबाब, मग बेलवर सुटका. चार्ज लावलेला नाही. अटी अशा: दोन सहकाऱ्यांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क नाही, पासपोर्ट जमा, रात्री राहत्या पत्त्यावरच. फोन आणि लॅपटॉप जप्त. १४ एप्रिलला स्टेशनवर हजर व्हायचं होतं, पण आठवडाभर आधी मेसेज आला की बेल वाढली, आता १४ जुलै. कारण एका ओळीचं, 'तपास चालू आहे.'

घरचे नाशिकला आहेत. ते म्हणतात, ९० दिवस झाले, चार्जशीट नाही, म्हणजे सुटला. तसं आहे का? ही बेल किती वेळा वाढू शकते? जूनमध्ये बहिणीचं लग्न आहे, पासपोर्ट मिळेल का? लॅपटॉप परत कसा मागायचा? आणि ऑगस्टमध्ये व्हिसा संपतोय.

कलम४७

ताई, आधी नाशिककरांचा गैरसमज दूर करा. भारतातले ६० किंवा ९० दिवस कोठडीत असलेल्या माणसासाठी असतात. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पूर्वी तो सीआरपीसीच्या कलम १६७मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १८७मध्ये आहे. इंग्लंड-वेल्समध्ये हा मुलगा कोठडीत नाहीच. त्याची बेल म्हणजे कोर्टाकडून मागून घेतलेला जामीन नव्हे. तपास पुरा होईपर्यंत पोलिसांनी हातात ठेवलेली ती दोरी आहे. अटकपूर्व जामीन हा प्रकार तिथे नाही, आणि जामीनदार वा जातमुचलकाही सहसा लागत नाही.

किती वाढू शकते ते १९८४च्या पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्टमध्ये, म्हणजे 'पेस'मध्ये, आहे. कलम ४७झेडए पासून पुढे वाचा. २८ ऑक्टोबर २०२२पासूनची चौकट अशी: पहिले तीन महिने कस्टडी ऑफिसर, म्हणजे स्टेशनवरच्या कोठडीची जबाबदारी असलेला पोलीस अधिकारी, देतो. तीनाचे सहा करायला इन्स्पेक्टर किंवा त्यावरचा अधिकारी लागतो, सहाचे नऊ करायला सुपरिंटेंडंट. नऊच्या पुढे पोलिसांच्या हातात काही नाही, मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करावा लागतो. कोर्ट एका वेळी तीन महिने वाढवतं, काम तसंच मोठं असेल तर सहा, आणि पुन्हा अर्ज करता येतो. म्हणजे 'अमुक महिन्यांनी संपलीच' अशी शेवटची भिंत कायद्यात नाही. हे मला मान्य नाही, पण वस्तुस्थिती ती आहे.

तारखा मोजताना लोक चुकतात. घड्याळ सुटकेच्या दिवसापासून चालू होत नाही, अटकेच्या दुसऱ्या दिवसापासून होतं. अटक १४ जानेवारीची, म्हणजे पहिला दिवस १५ जानेवारी. तीन महिने १४ एप्रिलला संपतात, सहा १४ जुलैला, नऊ १४ ऑक्टोबरला. त्यामुळे त्यांनी दिलेली १४ जुलै ही तारीख बरोबर आहे. नोटिशीवर याच्या पुढची तारीख असेल तर लगेच सॉलिसिटरला, म्हणजे त्याच्या वकिलाला, दाखवा. वाढीचा निर्णय मुदत संपण्याआधीच व्हावा लागतो, मागाहून मागची तारीख घालून वाढवता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं इथेच बहुतेकांची संधी हुकते. इन्स्पेक्टर असो वा सुपरिंटेंडंट, निर्णय घेण्याआधी तो घेतला जाणार आहे हे संशयिताला किंवा त्याच्या सॉलिसिटरला कळवावं लागतं आणि त्यांनी मांडलेलं म्हणणं विचारात घ्यावं लागतं. 'किंवा' शब्दावर बोट ठेवा. मुलाला थेट 'वाढली' असा मेसेज आला म्हणजे आधी कळवलंच नाही असं होत नाही. सॉलिसिटरच्या फर्मला मेल गेलेली असू शकते. ती कुणी उघडली का, उत्तर गेलं का, आधी ते विचारा. तिथेही काही नसेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा: परवानगी कोणी दिली, त्यांचा हुद्दा काय, कोणत्या तारखेला, आणि आमचं म्हणणं कधी मागवलं होतं?

म्हणणं मांडायचं ते 'माझा मुलगा सज्जन आहे' असं नाही. वाढ द्यायला चार गोष्टी लागतात: संशयाला वाजवी आधार, चार्जच्या निर्णयाला किंवा तपासाला आणखी वेळ खरोखर हवा असणं, काम मेहनतीने आणि वेगाने चाललेलं असणं, आणि बेल व तिच्या अटी आवश्यक आणि प्रमाणात असणं. यातली तिसरी बाजू पोलिसांची बहुधा लंगडी असते. म्हणून तारखा विचारा. फोन तांत्रिक तपासणीला कोणत्या दिवशी गेला? त्यातला डेटा उतरवून झाला का? बँकेकडून कागद कधी मागवले? किती साक्षीदारांचे जबाब राहिलेत? उत्तर मिळेलच असं नाही, पण प्रश्न फाइलीत गेला की पुढच्या वाढीच्या वेळी सुपरिंटेंडंटसमोर तोच कागद असतो. तीन महिन्यांत फोन कपाटातून हललाच नसेल तर तेही तिथे उघडं पडतं. सुपरिंटेंडंटसाठीचं म्हणणं जूनच्या शेवटीच तयार ठेवा, १० जुलैची वाट बघू नका.

कोर्टातला अर्ज बहुतेक वेळा कागदावरच निकाली निघतो. अर्जाची प्रत येते, तिच्यासोबत उत्तराचा फॉर्म असतो. मुदत थोड्या दिवसांची असते, लिफाफा आला त्याच दिवशी सॉलिसिटरकडे द्या. काही माहिती संशयितापासून लपवून ठेवावी अशी विनंती पोलीस कोर्टाला करू शकतात, त्यामुळे अर्ज अर्धवट वाटला तर दचकू नका. आणि अर्ज मुदतीत दाखल झाला असेल पण निकाल बाकी असेल, तर तोपर्यंत बेल चालूच राहते.

पायवाट

कलम४७ यांचं सगळं बरोबर, फक्त एक भर. फाइल चार्जच्या निर्णयासाठी क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिसकडे, म्हणजे सरकारी वकिलांकडे, गेली आणि त्या कारणाने बेल दिली, की हे तीन-सहा-नऊचं घड्याळ थांबतं. त्या सरकारी वकिलांनी पोलिसांकडे आणखी माहिती मागितली की परत चालू होतं, माहिती पोचली की पुन्हा थांबतं. म्हणून 'नऊ महिने उलटले, कोर्टात गेलेच नाहीत, बेल बेकायदा' असं म्हणण्याआधी विचारा की फाइल कुठे आहे. हा प्रश्न न विचारता तक्रार केली की पहिल्याच उत्तरात ती बाद होते.

आणि १४ तासांचा हिशेब लिहून ठेवा. चार्जशिवाय कोठडी मुळात २४ तास. बेलवर बाहेर असलेला काळ त्यात धरत नाहीत, पण वापरलेले तास वजा होतात. पुन्हा हजर होऊन आत घेतलं तर पोलिसांकडे दहा तास उरलेत. फसवणुकीसारख्या गुन्ह्यात सुपरिंटेंडंट ते ३६ पर्यंत नेऊ शकतो, पुढे कोर्टाकडून ९६ पर्यंत. २०११मध्ये सॅल्फर्डच्या एका प्रकरणात कोर्टाने बेलचा काळही त्या घड्याळात मोजला होता. हायकोर्टानेही तेच धरलं, तेव्हा पार्लमेंटने त्याच वर्षी जुलैमध्ये घाईने कायदा करून ते फिरवलं. जुने लेख वाचून कुणी उलटं सांगितलं तर त्यामागे हे आहे.

मंडळ_मदतनीस

मनापासून आभार. त्याचा सॉलिसिटर म्हणतो, 'बेल काढून आरयूआय करा असं मागू या.' अटीही जातील. हे चांगलं ना?

कलम४७

मागण्याआधी दोनदा विचार करा. आरयूआय म्हणजे 'तपास चालू ठेवून सुटका'. अटी नाहीत, हजर व्हायची तारीख नाही, ऐकायला गोड. पण मुदतही नाही. इन्स्पेक्टरने बघायचं नाही, सुपरिंटेंडंटने नाही, कोर्टाने तर नाहीच. एप्रिल २०१७मध्ये बेलवर पहिली २८ दिवसांची मर्यादा आली तेव्हा पोलिसांनी सरसकट लोकांना आरयूआयवर सोडलं आणि मुदतीचा हेतूच मोडला. माणसं महिनोनमहिने बिनउत्तर राहिली, आणि ज्यांच्यापासून पीडितांना खरंच धोका होता त्यांच्यावरही अटी उरल्या नाहीत. २०२२ची दुरुस्ती त्यातूनच आली.

या मुलाच्या बाबतीत पासपोर्टची अट जाचक आहे, तर फक्त ती अट बदलून मागा. बेल राहू दे, म्हणजे दर टप्प्याला कुणीतरी वरिष्ठ फाइल उघडेल.

आरयूआय झालंच तर एक पथ्य. चार्ज पोस्टाने येऊ शकतो, त्याला पोस्टल रिक्विझिशन म्हणतात. मुलं खोली बदलतात, पत्र जुन्या पत्त्यावर पडतं, कोर्टाची तारीख निघून जाते आणि पुढचं पाऊल वॉरंट असतं. पत्ता बदलला की तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी मेल करा आणि पोच मागा. बेलवर तर पत्ता हीच अट आहे, तिथे आधी अट बदलून घ्यायची, सामान मग हलवायचं.

पायवाट

अटी बदलण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला, ज्या स्टेशनवरून बेल मिळाली तिथल्या कस्टडी ऑफिसरला लेखी विनंती. जपून करा, कारण विनंतीवर विचार करताना तो जास्त कडक अटही घालू शकतो. दुसरा, पेसच्या कलम ४७ खाली मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज.

लग्नासाठी पासपोर्ट हवा असेल तर 'कौटुंबिक कारण' एवढ्याने भागत नाही. लग्नपत्रिका आणि तिचं इंग्रजी भाषांतर, जाण्या-येण्याच्या प्रस्तावित तारखा, नाशिकचा पत्ता आणि फोन, इथली नोकरी व भाडेकरार, आणि परत आल्यावर किती तासांत पासपोर्ट पुन्हा जमा करणार ते. हमी म्हणून रक्कम ठेवायची तयारी असेल तर तीही लिहा. तिकीट परवानगीनंतर काढा, किंवा पैसे परत मिळतील असं काढा. 'तिकीट काढलंय' हा अधिकाऱ्यावर दबाव वाटतो आणि उलटतो. लग्न जूनमध्ये आहे तर विनंती एप्रिलमध्येच जायला हवी.

कोणी सुचवेल की हाय कमिशनमध्ये 'पासपोर्ट हरवला' सांगून दुसरा काढ. अजिबात नाही. ती खोटी घोषणा आहे, आणि पळून जायची तयारी म्हणून पोलिसांच्या हातात दिलेला पुरावाही.

संपर्काच्या अटीत व्हॉट्सॲप घात करतं. जप्त फोनच्या जागी नवा घेतला, तोच नंबर घातला, बॅकअप उतरवला की ऑफिसचे जुने ग्रुप परत जिवंत. ते दोन सहकारी त्यात असतील तर तिथे टाकलेला 'गुड मॉर्निंग'सुद्धा त्यांच्यापर्यंत पोचतो. काही न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडायचं आणि तारीख-वेळेसह सॉलिसिटरला कळवायचं. मित्राकरवी, बायकोकरवी, मंडळातल्या काकांकरवी निरोप पाठवणं म्हणजे 'अप्रत्यक्ष'च. अट मोडणं हा सहसा स्वतंत्र गुन्हा नाही, पण त्यावरून अटक होते. ठरल्या दिवशी कारणाशिवाय हजर न होणं हा मात्र गुन्हा आहे. म्हणून 'तारीख बदलली' हे लेखी आल्याशिवाय घरी बसू नका. काउंटरवर कुणाला काही माहीत नसेल तर हजर झाल्याची वेळ आणि तिथल्या माणसाचा नंबर लिहून घ्या आणि तिथूनच मेल करा.

लॅपटॉप: पेसच्या कलम २२मध्ये आहे की नक्कल पुरेशी असेल तर मूळ वस्तू ठेवून घ्यायची नाही. पुराव्यासाठी मूळच लागेल असं ते म्हणू शकतात, पण तसं त्यांना म्हणू द्या, लेखी. 'लॅपटॉप द्या' यापेक्षा 'अमुक फोल्डरमधल्या कराच्या फाइली आणि प्रमाणपत्रांची नक्कल द्या' ही मागणी लवकर मान्य होते. नक्कल मागायचा हक्क कलम २१मध्ये आहे. जप्त वस्तूंची यादीही त्याच कलमाखाली मिळते. ती घेतली नसेल तर आजच मागा, नाहीतर चार्जर आणि हार्ड डिस्क नंतर कुणालाच आठवत नाहीत.

पिनचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण येणारच. जबाबात 'पिन सांग' म्हणणं वेगळं आणि २०००च्या रेग्युलेशन ऑफ इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्टच्या कलम ४९ची नोटीस वेगळी. पहिल्यावर सॉलिसिटरच्या सल्ल्याने नकार देता येतो. नोटीस रीतसर परवानगीने निघते आणि ती जाणूनबुजून पाळली नाही तर तो स्वतंत्र गुन्हा, साधारण प्रकरणात दोन वर्षांपर्यंत कैद. नोटीस आली की त्याच दिवशी सॉलिसिटरला फोन करा.

दोन_तीरांवर

भाषेबद्दल लिहिते, कारण पहिल्या जबाबातच बरंच काही ठरून जातं.

स्टेशनवर सॉलिसिटर फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, आणि तो मागितला म्हणून संशय वाढत नाही. दुभाषीही फुकट. 'इंग्रजी येतं का?' याला 'यस' म्हणून मोकळे होऊ नका. ऑफिसचं इंग्रजी वेगळं आणि पोलिसांची ताकीद वेगळी. ती ताकीद सांगते की गप्प राहायचा हक्क आहे, पण पुढे कोर्टात ज्यावर भिस्त ठेवाल ते आत्ता सांगितलं नाही तर बचावाला बाधा येऊ शकते. हे दोन्ही एका दमात इंग्रजीत ऐकून नीट कळणारे थोडे.

मराठी दुभाषी चटकन मिळाला नाही तर 'हिंदी चालेल का?' असं विचारतात. आपल्याला हिंदी येतं म्हणून मान डोलावतो. या मुलासारख्या प्रकरणात 'मी राजीनामा दिला' हे वाक्य हिंदी दुभाष्याने ऐकलं तर? मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचं पत्र. हिंदीत, त्यातही कोर्टकचेरीच्या हिंदीत, राजीनामा म्हणजे समझौता. जबाबात जाईल की यानं तडजोड केली, म्हणजे काहीतरी कबूल केलं. 'शिक्षा'चंही तेच, आपली शिक्षा दंडाची, त्यांची शिक्षा शाळेतली. फोनवरून वा व्हिडिओवरून मराठी दुभाषी मिळू शकतो, त्यासाठी थांबायची तयारी ठेवा आणि तसं मागितल्याची नोंद कस्टडी रेकॉर्डमध्ये करायला सांगा.

झालेल्या जबाबात असं काही घडल्याची शंका असेल तर सॉलिसिटरला नेमकं वाक्य आणि अंदाजे वेळ द्या. जबाबाचं रेकॉर्डिंग जपलेलं असतं, मूळ शब्द ऐकता येतात. कस्टडी रेकॉर्डची प्रत सुटकेनंतर १२ महिन्यांपर्यंत मागता येते. जानेवारीची अटक आहे, त्यामुळे वेळ आहे, पण विसरून जाऊ नका.

शिक्का_मोर्तब

व्हिसाचं थोडक्यात. मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज गेला पाहिजे, मग निकाल लागेपर्यंत जुन्या व्हिसाच्या अटींवर राहता येतं. मात्र त्या काळात ब्रिटनबाहेर गेलं की अर्ज मागे घेतल्यासारखा धरतात. म्हणजे लग्नाला जायचं असेल तर आधी जाऊन या, मग अर्ज करा. पासपोर्ट पोलिसांकडे असेल तर त्यांच्याकडून पावती आणि प्रमाणित प्रत घ्या.

फॉर्ममधला अटक वा गुन्ह्याबद्दलचा प्रश्न शब्दन् शब्द वाचा आणि जेवढं विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या. अटक झाली पण चार्ज नाही, एवढ्याने दोषी ठरत नाही. लपवलेलं सापडलं तर लपवणं हेच नकाराचं स्वतंत्र कारण होतं.

नोकरीकडेही लक्ष द्या, तिथला धोका कुणी सांगत नाही. कंपनीने निलंबित केलं तर पगारी आहे की बिनपगारी ते विचारा. स्पॉन्सर्ड कामगार वर्षात एकूण चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी राहिला, तर काही ठरावीक अपवाद सोडता कंपनीला स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. पोलीस प्रकरण जिथल्या तिथे आणि व्हिसा मात्र यानेच जातो.

मंडळ_मदतनीस

त्याच्या घरी सगळं वाचून दाखवलं. सॉलिसिटरच्या फर्मला खरंच मार्चअखेर मेल आली होती आणि ती तशीच पडून होती. आता लेखी प्रश्न जातायत. शेवटचं एक: पुढे 'कारवाई नाही' असं पत्र आलं तर सगळं पुसलं जातं का?

कलम४७

आपोआप सगळं नाही. ते पत्र लेखीच मागा आणि जपून ठेवा. अटी संपतात, पासपोर्ट आणि वस्तू परत मागायला मोकळीक मिळते, पण नवा पुरावा आला तर प्रकरण उघडू शकतं. आधी कसलीच शिक्षा झालेली नसेल तर बोटांचे ठसे आणि डीएनए प्रोफाइल बहुतेक गुन्ह्यांत काढून टाकतात. गंभीर यादीतल्या गुन्ह्यांचे नियम वेगळे आहेत. अटकेची नोंद मात्र पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर राहते. ती काढायला एक्रो या कार्यालयामार्फत वेगळा अर्ज करावा लागतो, आणि 'माझ्यावर कारवाई झाली नाही' एवढं कारण पुरेलच असं नाही. चुकीची ओळख, खोटी तक्रार, गुन्हाच घडला नव्हता, असं काही असेल तर ते कागदासह मांडा.

अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म 'कधी अटक झाली होती का' असंच विचारतो, चार्ज लागला की नाही यावर ते अवलंबून नाही. तिथे उत्तर 'हो' आणि सोबत हे पत्र. म्हणून मूळ प्रत नाशिकला न पाठवता स्कॅन पाठवा.